पाणमांजराचा फोटो

तुम्हाला पाणमांजराच्या फोटोची गंमत सांगितली का मी? संगमेश्वरजवळ शास्त्री नदीवरून तीन सकाळी मी हात हलवत परतलो होतो. चौथ्या दिवशी सखातात्यांच्या होडीत बसलो. ते आदल्या दिवशी लावलेलं जाळं काढायला निघाले होते. जाळ्यापाशी पोचतो तर समोरच्या खडकावर पाणमांजर, आणि तोंडात तात्यांच्या जाळ्यातली ही एवढी तांबोशी! तात्यांनी वल्हं उगारलं.

"तात्या, मारू नका! एकच फोटो!" मी कळवळून म्हणालो.

तात्या तसेच थांबले. त्या पठ्ठ्यानं अख्खा मासा आरामात खाल्ला आणि मी फोटो काढत राहिलो. मग तात्या हळूच म्हणाले, "मासा दिसतोय ना नीट? घरी हिला दाखवायचाय. पाणमांजरानं मासे नेले म्हटलं की तिला खोटं वाटतं. म्हणते, वाटेत वाटून येता."

घरी काकींनी कॅमेऱ्यात एकेक फोटो निरखून पाहिला. "खरंच की हो! मेल्यानं शेपटीसकट खाल्लान." मग आमच्याकडे वळल्या. "आणि तो जेवत असताना तुम्ही दोघं काय वाढायला बसला होतात?"