क्षितिजचं खातं

गुरुदत्त — हे बघा काका, फोल्डर उघडतंय, जुने गेम सगळे दिसतायत. नवा टाकायला गेलं की 'परवानगी नाही'.

दामोदर — शलाकालाही तेच येतं. रोज ऑफिसातून आली की सूनबाई इथंच बसते. लॅपटॉपमध्ये जागा पुरत नाही म्हणून क्षितिजनं हे खोकं आणलं होतं, घरभर नेटवर्कवर चालणारं.

गुरुदत्त — ठाऊक आहे. घ्यायला मीच होतो त्याच्याबरोबर. वहिनींना त्यानं नुसती वाचायची परवानगी दिलीय, लिहायची फक्त मालकाला. मालक कोण ते... स्वल्प थांबा. इथं नाव यायला पाहिजे. नुसता आकडा आहे.

दामोदर — कसला आकडा?

गुरुदत्त — खातं काढून टाकलं की असं होतं. फायली राहतात, मालक राहत नाही. क्षितिजचं खातं कुणी काढलं?

दामोदर — मी.

गुरुदत्त — तुम्ही?

दामोदर — तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. फोटो ठेवता यावेत म्हणून त्यानंच मला अ‍ॅडमिन केलं होतं. तीस वर्षं सरकारी संस्थेत आस्थापना विभाग सांभाळला रे. माणूस गेला की पास जमा, खातं बंद, कागदावर सही. तेवढंच येतं मला. काही वाटत नव्हतं. अजूनही वाटत नाही. हात आपले चालले.

गुरुदत्त — सरी, ठीक आहे काका. असू दे.

दामोदर — परत उघड ना. तेच नाव दे.

गुरुदत्त — नाव देता येईल हो. पण हे नाव बघत नाही, आकडा बघतं. नव्या क्षितिजला नवा आकडा पडणार. त्याचेच गेम त्याला हात लावू देणार नाहीत. त्यापेक्षा मालकी दुसऱ्या कुणाच्या नावावर करू, आतल्या सगळ्या फोल्डरांसकट.

दामोदर — शलाकाच्या कर.

गुरुदत्त — खातं तुम्ही काढलंत, हे सांगितलंय त्यांना?

दामोदर — नाही.

गुरुदत्त — आधी सांगा. मग मी करतो.

(दाराची कडी वाजते.)

शलाका — अरे गुरुदत्त, पीण्या इंडस्ट्रियल एरियातून थेट आलास? चहा दिला का बाबांनी?

गुरुदत्त — झाला, वहिनी.

शलाका — लागला गेम? नाही लागला तरी चालेल. दोघांनी मिळून प्री-ऑर्डर केला होता, म्हणून एकदा उघडून बघायचा होता. बाकी काही नाही.

दामोदर — शलाका, त्याचं खातं मी काढून टाकलं.

शलाका — कधी?

दामोदर — तेराव्यानंतर. दुसऱ्याच दिवशी.

शलाका — म्हणजे तीन आठवडे झाले.

दामोदर — हो.

शलाका — मी रोज त्याच्या नावानं लॉगिन करत होते, बाबा. रोज 'नाव किंवा पासवर्ड चुकीचा'. ऑफिसात मीटिंग चालू असताना वहीत लिहून बघायचे, कॅपिटल कुठलं, तारीख आधी की नंतर. मला वाटलं, इतक्यात मी त्याचा पासवर्डसुद्धा विसरले.

दामोदर — नाही गं. पहिल्या दिवशी टाकलास, तोच बरोबर होता.