बैल नसलेला आणा

माजा जलम माजिवड्याचा, बापूस मिठागरावर, लगीन करून आले ती कळव्याला, नवराबी मिठागरावरच, नि मंग पाटी डोक्यावर घेऊन खाडीपलीकडं ठाण्याच्या बाजारात, भाजी विकाया. नाव आनंदी. शाळा नाय, अक्षर नाय, पण काय सांगू तुमाला, माज्या बोटांना नाणी कळायची. नजर गिऱ्हाइकावर नि हात कमरेच्या पिशवीत, दुअन्नी चौकोनी, आण्याची कड नागमोडी, चूक कधी झाली नाय.

तवा नवीन नाणी आलेली, राजाचं तोंड जाऊन एका अंगाला सिंह नि आण्यावर दुसऱ्या अंगाला बैल. एक दिवस भेंडी तोलत व्हते नि पिशवीतलं बोट थबकलं. आणाच, पण एका अंगाला खळगा. काढून बघते तर बैलच नाय! एकीकडं सिंह वर उठलेले, नि दुसरीकडं तेच सिंह आत रुतलेले, आरशात दिसावे तसे उलटे. मना वाटलं, असंल काही नवीन. तसाच नेला किराणावाल्या शेठकडं, गूळ घ्यायला.

शेठ ओरडलाच, खोटं नाणं चालवतेस, बाई? बोलवा रे शिपायाला! भर बाजारात. रोज माज्याकडून मेथी नेणाऱ्या बायका, त्याच उभ्या राहून बघतायत. हसाल तुमी, पण पाटी तिथंच टाकून पळायचा विचार केलेला मी. मंग मनात आलं, पळाले तर खोटीच ठरले. म्हटलं, बोलवा शिपाई, मी हलत नाय.

शेजारच्या पायरीवर घड्याळवाले काका बसायचे, म्हातारे, कमी बोलणारे. ते डोळ्याला भिंग लावूनच उठून आले. आणा उलटा बघितला, सुलटा बघितला, सोनाराकडं नेऊन दुसऱ्या आण्याबरोबर तोलला, वजन बरोबर. तवर शिपाईही आलेला. काका म्हणाले, अहो शेठ, खोटी नाणी पाडणारा माणूस बैल विसरेल का? तो दोन्ही बाजू हुबेहूब करील. हे टांकसाळीतलंच आहे. आधीचा आणा बैलाच्या साच्यालाच चिकटून राहिला, त्याच्यावर नवी चकती आली नि ठोका बसला, म्हणून बैलाच्या जागी त्या आण्याचे सिंह उमटले, आत नि उलटे. शिपाई हसला, म्हणाला, चूक टांकसाळीची नि पकडता बाईला? मंग तोच शेठ म्हणतो कसा, बाई, रुपया देतो, दे मला. म्हटलं, आता सोन्याचा दिलात तरी नाय.

तवापासून नादच लागला. गिऱ्हाईक ओसरलं की मी काकांच्या पायरीवर. ते भिंग द्यायचे नि म्हणायचे, आनंदी, रेघ वर उठलेली असेल तर साच्याला तडा गेलेला, खाली गेलेली असेल तर कुणीतरी सुरीनं ओरखडलंय. एकदा एक आणा सापडला, अक्षरं दोन-दोन, एकावर एक सरकलेली. काका खूश, म्हणाले, साचा करतानाच ठसा दोनदा बसलाय, वाच पाहू काय दुहेरी झालंय. म्हटलं, वाचता येत नाय. ते अक्षरावर काडीचं टोक ठेवून म्हणाले, हे एक, हे आना, यातला आ नि न तुझ्याच नावातला. काय सांगू! रोज हाताखालून जायचं माजं अर्धं नाव, नि मना ठाऊक नाय. उरलेलं त्यांनी पुडीच्या कागदावर लिहून दिलं, मी ते मिठागराच्या ओल्या चिखलात बोटानं गिरवलं. नवरा म्हणाला, भाजी विकायला जातेस की नाणी बघाया? पण तो बिनबैलाचा आणा सगळ्या मिठागरावर त्यानंच मिरवला.

आता नवे पैसे आलेत, सोळाचा हिशेब सोडून शंभराचा शिकतेय. टेंभी नाक्यावरनं लोक येतात, आनंदी, बघ गं, हे वेगळं वाटतंय. बहुतेक रुळावर ठेवून चेपलेलंच असतं, मी तोंडावर सांगते, वाईट वाटलं तरी. तुमी एवढं लिहून घेताय, तर काढा तुमच्या खिशातली चिल्लर, बघू. हं. हं. सगळी नीट हायत हो, एकही चुकलेलं नाय. टांकसाळवाले बरं काम करतायत, देव त्यांना सुखी ठेवो, पण म्हणावं, महिन्यातून एखादी डुलकी काढत जा रे बाबांनो, आमच्यासाठी.