सतरा एकांची संख्या

गिरधर सर : काय म्हणालीस? परत सांग.

प्रमिला : भाग जातो, सर. सतरा वेळा एक लिहून होणारी तुमची संख्या मूळ संख्या नाही.

गिरधर सर : दहा मिनिटांत मला व्यासपीठावर बोलावतील. जळगाव-धुळ्याचे शंभर गणित शिक्षक बाहेर बसलेत, पंचवीस लाखांपर्यंत हिला विभाजक नाही, असं छापलेल्या माझ्या पुस्तिका वाटून झाल्यात. आणि हे तू आत्ता सांगतेस?

प्रमिला : कॉलेजच्या संगणकावर लावली होती. आज सकाळी उत्तर आलं, तशीच रिक्षा करून आले. काकू, तुम्ही तरी सांगा ना सरांना, आज नका बोलू म्हणून.

द्रौपदाबाई : मी काय सांगू बाई...

गिरधर सर : तिला कशाला विचारतेस? सन एक्क्याऐंशीपासून दहा वर्षं रोज वीस भागाकार केलेत मी. हिचा विभाजक चौतिसाच्या पटीत एक मिळवूनच होतो; पंचवीस लाखांपर्यंत असा एकही आकडा सुटलेला नाही. प्रत्येकाची बाकी वहीत आहे. बोल, कोणता?

प्रमिला : वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस.

गिरधर सर : थांब... हा बघ. बाकी नऊशे चार. स्वच्छ लिहिलंय!

प्रमिला : सर, माझ्यासाठी एकदा भागून बघा. तुमचीच विद्यार्थिनी आहे मी.

गिरधर सर : आण कागद.

(बाहेर माईक खरखरतो. सर भागाकार मांडतात.)

गिरधर सर : पाच... तीन... सहा...

द्रौपदाबाई : तीन. मंग दोन, दोन, दोन. तीन, पाच, सात. बाकी काहीच नही.

गिरधर सर : तुला कसं माहीत?

द्रौपदाबाई : ते पान माझ्या हातचं शे.

गिरधर सर : टायफॉईडच्या वेळचं?

द्रौपदाबाई : तुम्हीच शिकाडेल भागाकार. तुम्ही खाटेवर, मी वही लिखत होती. त्या दिवशी बाकी शून्य उनी. तीनदा करी पाह्यं.

गिरधर सर : आणि नऊशे चार?

द्रौपदाबाई : मनानं टाकलं. डॉक्टर म्हणेत, आजचा दिवस निघाला तर निघाला. अन् तुम्ही डोळे उघडले की एकच विचारायचे, संख्या टिकली का? मी म्हटलं, टिकली.

गिरधर सर : बरा झाल्यावर का नाही सांगितलंस? दोन वर्षं, द्रौपदा! मी रोज वीस भागाकार करत होतो अन् तू समोर चहा ठेवत होतीस!

द्रौपदाबाई : रोज सांगू सांगू करे. वही उघडली की तुमचं तोंड असं फुले, मंग जीभच उचलत नव्हती.

प्रमिला : सर, आयोजकांना सांगते, तब्येत बिघडली म्हणून.

गिरधर सर : नको. किती खोटं लिहायचं अजून?

प्रमिला : मग काय बोलणार?

गिरधर सर : पुस्तिका चुकली म्हणणार. संख्या भागली, आणि आमच्या घरात ती कोणी भागली, तेही.

द्रौपदाबाई : माझं नाव नका घेऊ. सातवी शिकेल बाई मी, लोकं हसतीन.

गिरधर सर : हसू देत. पदर नीट कर, चल. फळ्यावर तुलाच मांडायचाय भागाकार.

द्रौपदाबाई : अहो, मंग खडू तुम्हीच द्या हातात.

गिरधर सर : हा घे. सावकाश मांड.