विहिरीकडचा कोन

हॅलो?… कोण?… अगं आदिती होय, चंदनाआजीच बोलतेय. जरा मोठ्यानं बोल, शाहूपुरीत या वेळेला नुसत्या गाड्या… नाही, जेवायला बसतच होते. बोल तू. दिवस बुडायच्या आत जेवलं की झालं, अर्धा तास आहे अजून.

…रडतेस काय?… रडत नाहीस. बरं. मग नाक पूस आणि पहिल्यापासून सांग.

हं… हं… कोडोलीच्या आपल्या रानाचा नकाशा. त्याचे कोन मोजून उद्या वर्गात दाखवायचे… आणि नकाशा दिला कुणी? अप्पांनी? पेटीतला? अगं, तुझे आजोबा माझे सख्खे भाऊ, पण त्या नकाशाला मलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत… काय म्हणाले?… "आमचं रान हाय, नीट मोज." म्हणणारच.

मग अडलं कुठं?… सहा कोपरे मोजलेस. बेरीज सातशे वीस यायला पाहिजे, आणि आली पाचशे एकोणऐंशी… म्हणून उद्या शाळेलाच जायचं नाही?… पण अप्पा येणार आहेत ना बघायला?… धोतर इस्त्रीला दिलंय. आणि तू घरी झोपून राहणार, पोटात दुखतंय म्हणून… हो, हो… अगं ऐक ना. भूमिती येत नाही असं कुणी सांगितलं तुला?… चाचणीत चार मार्क पडले. बरं, पडले. चाचणी संपली की ती. पुढं सांग.

कसली युक्ती?… अनेकांतनं सांगितली. म्हणजे एकशे एक्केचाळीस कमी पडतात, ते सहा कोपऱ्यांत सारखे वाटायचे… प्रत्येकाला साडेतेवीस. तुझा भाऊ पुढं काय होणार आहे कोण जाणे… लिहिलंस तसं?… पेन्सिलनं. बरं केलंस. थांब आता. पहिला कोपरा किती होता?… अठ्ठ्याऐंशी. त्यात साडेतेवीस घातले की झाले एकशे साडेअकरा. तो बांधाचा कोपरा तू बघितलायस. कसा दिसतो?… वहीच्या कोपऱ्यासारखा. मग वहीचा कोपरा एकशे साडेअकराचा असतो?… नसतो की. अप्पांनी त्या कोपऱ्यावर चाळीस वर्षं बैल वळवलेत. त्यांना चालेल काय ते?

पुसून टाक. मोजलेलं तेवढं ठेव.

फोटो नको पाठवू गं, माझा बटणांचा फोन. आणि मला कशाला लागतोय नकाशा, त्या रानात मी लहानाची मोठी झाले. तू आकडे वाच… अठ्ठ्याऐंशी… सत्त्याण्णव… एक्क्याण्णव… एकशे चार… एकोणनव्वद… आणि शेवटचा?… एकशे दहा. हा कुठला?… विहिरीकडचा. असं होय.

…नाही, लगेच नाही सांगणार. आधी मला सांग, सातशे वीसच का यायला पाहिजे?… पाठ केलंय. का ते माहीत नाही. मग एक कर. विहिरीकडच्या कोपऱ्यावर पेन्सिल टेकव. तिथून समोरच्या कोपऱ्यांकडं रेघा ओढ. शेजारच्या दोघांकडं बांध आहेच, ते सोड… तीन रेघा झाल्या. रानाचे तुकडे किती?… मोज, मी थांबते… चार. कसले आहेत?… सगळे त्रिकोण. एका त्रिकोणाचे तिन्ही कोन मिळून?… एकशे ऐंशी. असे चार… बघ. आलं ना तुझ्याच हातानं? रान कितीही वाकडंतिकडं असू दे, कोपरे सहा म्हटले की आत त्रिकोण चारच.

म्हणजे सातशे वीस बरोबर, आणि आकडेही तू खरेच मोजलेत. मग चुकलं कुठं?… माहीत नाही म्हणू नकोस, शोधू. त्या विहिरीकडच्या कोपऱ्यावर कोनमापक ठेव. मघाशी ठेवला होतास तसाच… ठेवलास? आता सांग, कोनमापकाखाली काय आहे?… कागद आहे, होय. कागदावर कुठली जागा? ऊस की विहीर?

…वाकून नीट बघ.

विहीर. विहीर कुणाची?… गुंडूकाकांची. वाटणीत तेवढा तुकडा त्यांना गेला, म्हणून तर आपल्या रानाला तिथं खाच पडली. मग काकांच्या वाटणीतला कोन आपल्या बेरजेत कसा घेतलास? काकांना कळलं तर परत भांडण काढतील… हं, आता हसलीस.

आपला कोन उसाच्या बाजूचा… पुरत नाही, खरं आहे. कोनमापक एकशे ऐंशीला संपतो, म्हणून तर तिथं सगळे फसतात. माझ्या वर्गातली निम्मी पोरं फसायची. पण मोजायचं कशाला? त्या टोकाभोवती पुरी गिरकी घेतलीस तर किती अंश?… तीनशे साठ. त्यातले काकांचे एकशे दहा काढ… दोनशे पन्नास. असतो की एवढा मोठा. प्रविशाल कोन, नाव पाठ असेल तुला. आज भेटला.

कर बेरीज परत. सावकाश… वर्षाराणी, राहू दे गं ताट तिथंच, आले… तुला नाही, सुनेला म्हटलं. तू कर. मला काही घाई नाही.

…सातशे एकोणीस. पुन्हा कर… पुन्हा केलीस, तरी सातशे एकोणीस… नाही. नाही आदिती, खोडरबर खाली ठेव. एकच अंश असला म्हणून काय झालं? तो कुठल्या कोपऱ्याला देणार?… अगं ऐक ना. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. कागद जुना, घडीवर ताणलेला. डोळा जरा तिरका पडतो. त्यात एखादा अंश जातोच. तो लपवायचा नाही. खाली लिही, मोजून आलं सातशे एकोणीस, यायला हवं सातशे वीस, एक अंश मोजण्यात गेला… बाई विचारू देत. सांग त्यांना. विहिरीनं कसं फसवलं तेही सांग, अप्पांच्या समोर सांग. ते नुसते मिशीवरून हात फिरवतील. म्हणजे खूश झाले समजायचं.

मग, पोटात दुखतंय का उद्या?… नाही दुखत. शहाणी माझी.

मी?… जेवते की आता… हॅलो?… आदिती?… गेली रेंज.

वर्षाराणी, आण बघू ताट… अशी का उभी?… दिवस बुडाला? कधी?… अगंबाई… दिसतोय, उजेड मलाही दिसतोय… दोन मिनिटांनी काय होतंय, म्हणतेस.

नको गं. झाकून ठेव. पोरीला आत्ताच एक अंश ढकलू दिला नाही मी.