मामांनी खाल्लेली खर्पुडी

तुम्ही हसाल, पण आटपाडीतली आमची प्रयोगशाळा मामांच्या पोटात जाता जाता वाचली. खर्पुडी म्हणजे कंदिलासारखं फूल आणि मुळाशी कंद येणारी, नामशेष होत चाललेली वेल. बाटलीत तिची रोपं वाढवायचं वेड घेऊनच मी परदेशातून परतले. अख्ख्या माळावर एकच वेल सापडली. मेंढरं राखणारे बिरूमामा म्हणाले, "म्या आनतो."

आले ते तोंड हलवत.

"आवं मामा, खर्पुडी कुठंय?"

"कंद खाल्ला की! ल्हानपनापास्नं खातोय. लय ग्वाड!"

माझा चेहरा बघून ते वरमले. "वेल तेवढा ऱ्हायलाय. मेंढीला टाकू?"

मी वेल हिसकावून नाचायलाच लागले. रोपं करायला मला कंद नव्हे, वेलीचीच पेरं हवी होती!

आता फळ्या बाटल्यांनी भरल्यात. मामा रोज काचेला नाक लावून विचारतात, "पोरी, ह्यास्नी कंद कवा धरायचा गं?"

प्रयोगशाळेला कुलूप आहे, ते मामांसाठीच.