आबांनी पारखलेला गुडघा

आमच्या आबांची एक खोड सांगते तुम्हाला. जन्मभर त्यांनी धाड गावच्या बाजारात बैलांचा व्यापार केला, आणि चालवून पाहिल्याशिवाय एकही बैल घेतला नाही. यंदा डॉक्टरांनी त्यांना एक गुडघा बदलायला सांगितलं. "खूप वर्षं टिकतो," असंही म्हणाले.

"विकणारा असंच सांगते," आबा म्हणाले. "वापरलेला गुडघा पाहीन, मंगच हो म्हणीन."

आबांना आता दारापर्यंत जाणंही जड झालं होतं, म्हणून बाबांनी हेही ऐकलं. आमच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींचा गुडघा बारा वर्षांपूर्वी बदललेला आहे. आबांना दोन्ही बाजूंनी धरून आम्ही त्यांच्याकडे गेलो.

"गुरुजी, जरा चालून दाखवा," आबा म्हणाले.

गुरुजी हसत हसत अंगणात चालले.

"आता फिरा. पायरी चढा. उतरा." आबा खाली वाकून पाहत होते. गुरुजींच्या पाठीवर थाप मारायला त्यांनी हात उचलला, तो बाबांनी वेळीच धरला.

"डावा पाय दबून राह्यला," आबांनी निकाल दिला. "बारा वर्षांतच गेला गुडघा. चाला घरी. मले नाई करायचं ऑपरेशन."

बाबांचा चेहरा पडला. मी मोठ्या माणसांत बोलत नाही. पण पायरी चढताना गुरुजींनी पायजमा वर धरला, तेव्हा मला टाक्यांचा वण दिसला होता.

"आबा," मी हळूच म्हटलं, "वण तर उजव्या गुडघ्यावर हाये."

"हाव," गुरुजी म्हणाले, "डावा देवानं देलेला हाये."

आबांनी स्वतःचे दोन्ही गुडघे चाचपून पाहिले.

"डॉक्टरले फोन लाव," ते बाबांना म्हणाले. "इचार, जोडी देते का."