दोन लीग आणि एक लुशियस

१९६५चा नोव्हेंबर. अमेरिकन फुटबॉलच्या दोन लीग, एक जुनी आणि एक नवी, तेव्हा चांगल्या खेळाडूंची सही मिळवायला एकमेकींशी झगडत होत्या. टेक्सासमधल्या ब्यूमाँटच्या बस स्टँडवर तिकिटं फाडता फाडता व्हर्नाचे कान समोरच्या बाकाकडे लागले होते. तिथे ओझेला शेजारणीला आपल्या मुलाबद्दल सांगत होती.

“जुन्या लीगचा माणूस आला, लुशियसला जेवायला म्हणून घेऊन गेला, तो गेलाच! चार दिवस रोज नवं हॉटेल. फोन नाही, काही नाही.”

“अगं बाई! पण कशाला?”

“नव्या लीगने त्याला आधी गाठून सही घेऊ नये म्हणून. फुटबॉल बरा खेळतो ना मेला!”

“आणि नवी लीग गप्प बसली?”

“गप्प? तिचा माणूस माझ्या ओसरीवर ठाण मांडून बसला. ‘मावशी, काही काम असेल तर सांगा.’ म्हटलं, कुंपण रंगव.”

“मग?”

“आज सकाळी लुशियसचा फोन आला. जुन्या लीगकडे सही केली म्हणे, आता या बसने येतोय. मी आधी विचारलं, जेवलास का?”

“सुटलीस बाई! मग तो ओसरीवरचा गेला का तोंड पाडून?”

“त्याला कुठे सांगितलंय अजून? कुंपणाची मागची बाजू राहिलीय.”